राजाने मांडलेले घर

रत्नागिरीत पाहुणा आला की त्याला दोन-तीन ठिकाणी न्यावेच लागते. टिळकांचे जन्मघर, पतितपावन मंदिर, भगवती किल्ला आणि थिबा पॅलेस. पहिल्या तिन्ही ठिकाणी पाहुण्याला काय पाहायचे ते ठाऊक असते. थिबा पॅलेसमध्ये मात्र तो जरा बावरतो. भाट्याच्या खाडीवरच्या टेकाडावर ही लालसर इमारत उभी आहे. उतरती छपरे, लांब सज्जे, अर्धवर्तुळाकार कमानींत बसवलेले लाकडी कोरीवकाम, नाचघराची संगमरवरी फरशी. मागच्या बाजूच्या रंगीत काचा मावळतीचे ऊन आले की पेटल्यासारख्या दिसतात. पण खोल्या रिकाम्या. पाहुणा चार पावले फिरतो आणि हमखास विचारतो, राजा राहायचा तो इथेच ना, मग राजासारखे इथे काय आहे?

प्रश्न बरोबर आहे. ज्या राजघराण्यात खांबाला सोन्याचा वर्ख आणि भिंतीला काचेची नक्षी म्हणजे रोजची गोष्ट, त्या घराण्यातल्या शेवटच्या राजाला आयुष्याची तीसहून अधिक वर्षे कोकणात काढावी लागली. थिबाच्या राज्याच्या, युद्धाच्या आणि राणीच्या कथा पुष्कळ सांगितल्या गेल्या आहेत. त्याच्या घरांची हकीगत फारशी कोणी सांगत नाही. खरे तर त्याचे आयुष्य खोल्याखोल्यांनी सांगता येते. एक खोली त्याने हौसेपेक्षा भीतीने हलवली, दोन बंगले त्याला नकोसे होते आणि एक राजवाडा फार उशिरा मिळाला.

थिबाचा जन्म 1 जानेवारी 1859 चा. त्याचे वडील राजा मिंडॉन तेव्हा आपली राजधानी अमरपुराहून मंडालेला हलवत होते. राजधानी हलवणे म्हणजे तिथे नुसते दफ्तर हलवणे नव्हे. ब्रह्मदेशाचे राजवाडे सागवानाचे. सांधे मोकळे करायचे, खांब, तुळया, फळ्या वेगळ्या करायच्या, हत्ती आणि गाड्यांवर लादून नव्या जागी न्यायच्या आणि पुन्हा उभ्या करायच्या. आपल्याकडे जुना वाडा पाडला की त्याचे वासे आणि दारे नव्या घरात बसवतात, तसेच. फक्त तिथे हा कारभार अख्ख्या राजवाड्याचा. मंडालेच्या राजवाड्यातल्या कितीतरी दालनांनी त्याआधी अमरपुराचा पाऊस खाल्लेला होता.

ह्या लाकडावर जे काम चाले ते घरसजावटीची आवड असणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे असे आहे. ब्रह्मदेशात थित्सी नावाचे एक झाड होते. त्याच्या खोडाला चीर दिली की काळसर चीक गळतो. हा चीक लाकडावर हातांनी चढवला की त्याचे चिवट, चकचकीत, पाण्याला दाद न देणारे रोगण होते. गंमत अशी की आपला साधा तेलरंग ओल्या हवेत वाळता वाळत नाही. हे रोगण मात्र ओल्या हवेतच नीट धरते. कोरड्या हवेत ते चिकट राहते. म्हणून तिथले कारागीर रोगण चढवलेल्या वस्तू तळघरात, ओलसर अंधारात दिवसेंदिवस ठेवत. एक हात चढवला की वाळू द्यायचा, घासायचा, मग दुसरा हात. अशा आठ-दहा थरांनंतर कुठे त्याला खरी झिलई येते.

त्याच चिकात राख मळून लुकणासारखा गोळा करतात. राख कशाची? हाडांची, भाताच्या तुसाची किंवा चक्क शेणाची. हा गोळा हातांवर वळून त्याच्या दोरीसारख्या वळ्या करायच्या आणि त्या लाकडावर दाबून वेलबुट्टी उठवायची. वळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पातळ आरशाचे आणि रंगीत काचेचे तुकडे बसवायचे आणि वळ्यांवर सोन्याचा वर्ख चिकटवायचा. सोन्याचा पत्रा कागदांच्या थप्पीत घालून घणाने तासन्‌तास ठोकतात, तेव्हा तो फुंकरीने उडेल इतका पातळ होतो. वर्ख लाकडाला धरून ठेवतो तो पुन्हा तोच चीक. एकच वस्तू रोगण, लुकण आणि सरस अशा तिन्ही कामांची. सावंतवाडीचे लाखकाम पाहिलेल्याला ह्या कामाची जातकुळी लगेच ओळखू येईल, मात्र तिथे पाटा-पोळपाटावर आणि गंजिफांवर जे दिसते ते इथे पाच पुरुष उंचीच्या खांबावर.

पण हे सगळे कोणी करायचे, ह्याला ब्रह्मदेशात कडक नियम होते. सोन्याचा मुलामा, लाल रोगण, कोरीवकाम, एकावर एक चढत जाणारी टोकदार छपरे ही फक्त राजाला आणि देवाधर्माच्या वास्तूंना. पैसा गाठीला असला तरी साध्या रयतेने आपले घर तसे करायचे नाही. घराचे रूप म्हणजे घरधन्याचा दर्जा. आपल्याकडे आता प्रत्येकाच्या दिवाणखान्यात पीओपीचे छत येते, त्या लोकांना ही गोष्ट विचित्र वाटेल. पण थिबाच्या पुढच्या आयुष्यातले दुःख समजायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्याच्या घरचा मुलामा गेला म्हणजे निव्वळ शोभा गेली असे नव्हते.

रयतेला एक वाट मोकळी होती. देवाची मूर्ती आपल्या हातांनी मढवायची. मंडालेच्या महामुनी बुद्धावर भाविक पुरुष आजही वर्खाचे चौकोनी तुकडे स्वतः चिकटवतात. मूर्तीचा चेहरा तेवढा मोकळा. बाकी अंगावर सोन्याचा थर इतका जाड झाला आहे की मूळचा आकार हरवून गोळे उठले आहेत. कारागिराचे काम सुबक असेल, पण पुण्य स्वतःच्या हाताने लावलेल्या वर्खाचे, अशी ती समजूत.

अशा वातावरणात थिबा वाढला. मिंडॉनला राण्या अनेक आणि मुलेही पुष्कळ. त्यात थिबाचा नंबर फार वरचा नव्हता. काही काळ तो मंडालेत एका इंग्रज मिशनऱ्याच्या शाळेत गेला, मग मठात राहून पाली धर्मग्रंथ शिकला आणि 1877 साली त्याने धर्मग्रंथांची अवघड परीक्षाही दिली आणि त्यात तो उत्तीर्ण झाला. त्याला तसेच राहू दिले असते तर तो एखाद्या मठाचा विद्वान प्रमुख झाला असता. पण 1878 च्या ऑक्टोबरात मिंडॉन वारला आणि एका महत्त्वाकांक्षी राणीने व मंत्र्यांनी ह्या मवाळ मुलाला गादीवर बसवले. त्या राणीची मुलगी सुपायालात त्याची पट्टराणी झाली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1879 मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा भाऊबंदांची राजवाड्यात कत्तल झाली. हुकूम कोणाचा, पुढाकार कोणाचा ह्यावर वाद आहेत. पण थिबाच्या नावाने हे झाले आणि त्याने ते थांबवले नाही. रत्नागिरीतल्या त्याच्या हालअपेष्टांबद्दल हळहळताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

आता ती खोली. मिंडॉनने प्राण सोडला ते दालन राजवाड्यातल्या काचमहालाचा उत्तरेकडचा भाग होता. आतबाहेर सोने, भिंतींवर काचेची नक्षी, बुद्धाच्या जन्मकथा कोरलेल्या फळ्या. नव्या राजाने तिथे राहायला हरकत नव्हती. पण बापाचा आत्मा ह्या दालनात वावरतो अशी थिबाची समजूत झाली. एखाद्याने दार बंद करून कुलूप घातले असते. थिबाने सबंध दालन सोडवून राजवाड्याबाहेर नेले आणि शहराच्या तटाबाहेर पुन्हा जोडून त्याचा मठ केला. ह्याला श्वेनंदॉ म्हणतात. ज्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बाकी कसलाच निर्णय धड घेता येत नव्हता, त्याने घराच्या बाबतीत हा एक निर्णय फार लवकर आणि ठामपणे घेतला. पुढे तो ह्या मठात ध्यानाला बसत असे. ही गोष्ट इथे ठेवू. तिचा पुढे संबंध आहे.

राज्य गेले तेही लाकडापायी. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही 1863 मध्ये मुंबईत निघालेली कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलांतून सागवान तोडीत असे. पैसे भरले त्याहून कितीतरी जास्त ओंडके कंपनीने नेले असा आरोप मंडालेच्या दरबाराने ठेवला आणि 1885 मध्ये 23 लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. फ्रेंचांचा ब्रह्मदेशात शिरकाव होईल ही त्यांची खरी धास्ती. नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टच्या फौजा इरावतीतून वर आल्या आणि पंधरवड्यात युद्ध आटोपले. राजवाड्याच्या दक्षिण बागेतल्या एका लहानशा लाकडी मंडपात थिबाने शरणागती पत्करली. 29 नोव्हेंबरला राजा, राणी आणि मुली ह्यांना बैलगाडीत बसवून नदीकाठी नेले, बोटीत चढवले आणि मंडालेचा राजवाडा मालकावाचून उभा राहिला. 1 जानेवारी 1886 ला, म्हणजे थिबाच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, त्याचे राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले.

मद्रासला काही महिने काढून एप्रिल 1886 मध्ये हे कुटुंब रत्नागिरीला उतरले. रत्नागिरीच का? रेल्वे नाही. (ती येण्यास 1990 चे दशक उजाडले.) पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद, घाटातली वाट बिकट. शहर म्हटले तर जिल्ह्याचे ठाणे, म्हटले तर मोठे खेडे. ब्रह्मी माणूस औषधाला नाही. पळून जायचे तर कुठे आणि कसे? कोकणी माणसाला ज्या गैरसोयी जन्मभर छळत आल्या, त्याच सरकारला सोयीच्या वाटल्या.

राजाच्या राहण्यासाठी शहराबाहेर दोन बंगले घेतले होते. एकाचे नाव औट्रम हॉल, दुसरा बेकरचा बंगला. हे बंगले साहेबांच्या राहणीसाठी बांधलेले: मधे जेवणघर, दोन बाजूंना खोल्या, भोवती पडवी. एकटादुकटा कलेक्टर किंवा जज्ज राहिला तर ऐसपैस. पण थिबाबरोबर सुपायालात, तिची धाकटी बहीण म्हणजे धाकटी राणी, लहान मुली आणि दासदासींचा गोतावळा होता. थोरली आणि दुसरी राजकन्या मंडालेला झालेल्या, तिसरी मद्रासमधल्या मुक्कामात, तर चौथी 1887 मध्ये रत्नागिरीतच झाली. त्यात ब्रह्मी दरबाराची रीत अशी की राजापुढे येणाऱ्याने जमिनीवर गुडघे-कोपर टेकून यायचे, राजाच्या डोक्याहून आपले डोके उंच होऊ द्यायचे नाही. ही रीत खुर्च्यामेजांच्या आणि अरुंद दारांच्या बंगल्यात पाळायची म्हणजे काय कसरत होत असेल, ह्याची कल्पना करावी.

ह्या दोन बंगल्यांत राजाने चोवीस वर्षे काढली. गादीवर होता सात वर्षे. भाड्याच्या घरात चोवीस. ह्या हिशेबाकडे इतिहासकारांचे सहसा लक्ष जात नाही, पण भाड्याने राहिलेल्या कोणत्याही कुटुंबाला त्याचा अर्थ समजेल. दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकताना हात अडतो. थिबाचा तर प्रत्येक खर्च सरकारी अंमलदाराच्या नजरेखालून जायचा. पेन्शन ठरावीक, हात मोकळा. राजेपणाची सवय सुटली नाही आणि देणी वाढत गेली. बरोबर आणलेली माणके आणि दागिने एकेक करून पडत्या भावाने विकले गेले. सरकारकडे अर्जांवर अर्ज गेले: पेन्शन पुरत नाही, जागा पुरत नाही, राजाला साजेसे घर द्या.

जागेची तक्रार केवळ रुबाबाची नव्हती. मुली मोठ्या होत होत्या. त्यांची लग्ने जमत नव्हती, कारण त्यांच्या तोलाचा ब्रह्मी राजपुत्र रत्नागिरीत कुठून येणार? घराबाहेर जाण्यावर बंधने. अशा चार मुलींसाठी घर म्हणजेच गाव, शाळा आणि बाजार. त्यांच्या कानांवर मराठी पडत होते, नोकरचाकर मराठी, आणि हळूहळू त्या आईवडिलांच्या भाषेइतक्याच सहज मराठी बोलू लागल्या. सुपायालात मात्र हट्टाने जुनी राणीच राहिली.

ह्याच काळात तो प्रसिद्ध योगायोग घडला. रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या टिळकांना 1908 मध्ये शिक्षा झाली आणि त्यांना नेले मंडालेला, थिबाच्याच किल्ल्याच्या आवारातल्या तुरुंगात. तिथली टिळकांची खोलीही लाकडी फळ्यांचीच होती. मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. हे वाक्य भाषणांत इतके वापरून झाले आहे की त्याची धार बोथट झाली, पण गोष्ट खरी आहे.

तोवर मंडालेच्या राजवाड्याचे काय झाले होते? त्याला फोर्ट डफरिन नाव मिळाले होते आणि आत लष्कर राहायला आले होते. दरबाराच्या दालनांपैकी काहींत इंग्रजांचा क्लब चालायचा. सोन्याच्या खांबांमधे पेले आणि पत्ते. लॉर्ड कर्झन ह्या माणसाबद्दल आपल्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही, पण जुन्या वास्तूंचा तो खराच चाहता. त्याने तो क्लब तिथून हलवायला लावला. सिंहासन मात्र 1902 मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले.

अखेर सरकार बधले. 1906 मध्ये रत्नागिरीत नव्या वाड्याचे काम निघाले आणि 1910 मध्ये पुरे झाले. खर्च लाखाच्या वर. आराखडा खुद्द थिबाने काढला असे रत्नागिरीत सांगतात. इमारत निरखून पाहिली तर राजाची आवड आणि सरकारी खात्याचा हिशेब दोन्ही एकाच भिंतीत भेटतात असे मला वाटते.

भिंती कोकणच्या जांभ्याच्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की तो कडक होतो. दमट हवेत त्याच्यासारखा दगड नाही, फक्त त्याला श्वास घेऊ द्यायला हवा. चुन्याचा गिलावा तो घेऊ देतो. अलीकडे आपण जांभ्यावर सिमेंटचा जाड थर आणि त्यावर प्लॅस्टिक रंग चढवतो आणि मग दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात म्हणून रंगाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नको का? कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांवर कावीचे काम आहे, तिथल्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. आधी गेरूच्या लाल मातीचा थर, ओला असतानाच त्यावर पांढऱ्या चुन्याचा किंवा उलट, आणि वरचा थर टोकदार हत्याराने खरवडून नक्षी. रंग वरून लावलेला नसून गिलाव्यातच मुरलेला, म्हणून शेकडो वर्षे टिकतो.

लाकूड सागवान, ब्रह्मदेशचे, असे म्हणतात. ज्या लाकडाच्या भांडणात राज्य गेले, त्याच लाकडाच्या खिडक्या ह्या घराला बसल्या. सागात स्वतःचे तेल असते, त्यामुळे त्याला वाळवी सहसा शिवत नाही. वर्षाआड जवसाच्या तेलाचा हात दिला तर त्याला वेगळा रंग लागतच नाही. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात, तेल सुटत नाही. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावायची जुनी रीत आहे, तीही ह्याच कारणाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरीत उद्योगशाळा होती, सुतारकाम शिकवणारी, आणि इथल्या सुतारांचा हात चांगला असल्याची ख्याती होती. कमानींतले कोरीवकाम पाहताना ते मनात येते.

आणि काचा. मागच्या अंगाला, समुद्राकडे तोंड करून, रंगीत. त्या इटलीहून आल्या अशी आख्यायिका आहे. कुठूनही येवोत, मला महत्त्वाचे वाटते ते त्या कुठे बसवल्या आहेत ते. पूर्वेकडच्या ऊनकोवळ्या खिडकीत नाहीत, दर्शनी बाजूला येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला नाहीत. मावळतीकडे आहेत. तिरपे पिवळे ऊन त्यांच्यातून आत येते आणि फरशीवर रंग सांडतात. ज्याने लहानपणी काचमहाल पाहिला त्याच्या घरात सोने लावायची सोय उरली नव्हती, पैसा नव्हता आणि कारागीरही नव्हते. उरले होते ऊन आणि काच. सध्या पुष्कळजण हे पाहून घरी गेले की बाल्कनीला रंगीत काचा लावून घेतात आणि त्या उत्तरेकडे लागतात. मग नुसता काळोख होतो आणि सहा महिन्यांत काचा काढतात. दिवसाचा कोणता प्रकाश कुठून येतो हे आधी आठवडाभर घरात बसून पाहावे, मगच काचवाल्याकडे जावे.

जे नाही ते अधिक बोलके आहे. ह्या वाड्यावर ब्रह्मी राजवाड्याचे एकावर एक चढणारे टोकदार शिखर नाही. सिंहासन नाही. सोनेरी खांब नाही. घर मोठे, हवेशीर, देखणे, पण बड्या सरकारी माणसाचे वाटावे असे. वर सांगितलेले नियम आठवा: शिखर आणि सोने म्हणजे राजेपण. सरकारने सगळे दिले, तेवढे दिले नाही. एक गोष्ट मात्र त्याची स्वतःची. मागच्या अंगणात बुद्धाची मूर्ती आहे, थिबाने आपल्याबरोबर आणलेली, असे सांगतात.

नव्या वाड्यात गेल्यावर घरात थोडी जान आली. राजकन्यांचे कान टोचण्याचा विधी तिथेच झाला. ब्रह्मदेशात हा विधी मुलगी वयात येताना करतात. इथे मुलींनी पंचविशी ओलांडलेली. पण पाहुणे आले, बोलावणी झाली आणि सरकारने चोवीस वर्षे अडवलेले एक घर निदान एका दिवसापुरते राजवाड्यासारखे वागले. पण हे सुख दोनच वर्षांत उणे झाले होते: 1912 मध्ये धाकटी राणी वारली. डिसेंबर 1916 मध्ये थिबा स्वतः गेला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. ज्या घरासाठी वीस वर्षे अर्ज केले तिथे तो सहा वर्षे राहिला.

त्याचा मृतदेह मंडालेला न्यायचा सुपायालातचा आग्रह होता आणि तो इतका की तिने पुरू दिला नाही. सरकार ऐकेना. दोन वर्षांहून अधिक काळ हा तंटा चालला आणि 1919 च्या मार्चमध्ये राजाला आणि धाकट्या राणीला रत्नागिरीतच थडगे मिळाले. त्यानंतर काही दिवसांतच सुपायालातला ब्रह्मदेशात परतण्याची परवानगी मिळाली. मंडालेला नव्हे, रंगूनला. 1925 मध्ये ती तिथे वारली.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. वाड्यातल्या एका मराठी नोकराशी तिचे संबंध जुळले होते आणि त्यांना टूटू ही मुलगी झाली होती. राजकन्या 1947 मध्ये रत्नागिरीतच वारली. टूटू राजाची नात, पण वाढली, संसार केला आणि गरिबीत दिवस काढले ते इथल्याच एका साध्या घरात, पक्की मराठी बाई होऊन. 2000 साली ती गेली. त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी आली आणि जगभरचे वाचक रत्नागिरीची चौकशी करू लागले.

वाड्यात राजानंतर सरकारी अधिकारी राहिले, शिक्षणाचे वर्ग भरले, संग्रहालय आले. आज ती राज्य संरक्षित वास्तू आहे. डिसेंबर 2012 मध्ये ब्रह्मदेशचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे, राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या थडग्यावर येऊन गेले. 2016 मध्ये मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा तिथले उपराष्ट्राध्यक्ष आणि सेनापती मोठ्या लवाजम्यानिशी आले आणि भिक्षूंनी विधी केले. सिंहासन त्याआधीच, 1948 मध्ये, कलकत्त्याहून स्वतंत्र ब्रह्मदेशाला परत गेले होते. ते ठेवायला राजवाडा मात्र उरला नव्हता. मार्च 1945 मध्ये जपान्यांनी धरलेला किल्ला ब्रिटिश-हिंदी फौजेने वेढला, बॉम्ब पडले आणि सागवानाची ती सबंध वस्ती, खांब, काचा, वर्ख, रोगण, काही तासांत जळून गेली. आज तिथे दिसतो तो 1990 च्या दशकात काँक्रीट आणि पत्रे वापरून केलेला नमुना.

मिंडॉनच्या राजवाड्यातले जे मूळ दालन आज पाहता येते ते एकच. 1878 मध्ये एका घाबरलेल्या मुलाने तटाबाहेर नेले ते. श्वेनंदॉ मठाच्या बाहेरच्या भिंतींवरचे सोने पावसाने केव्हाच धुऊन नेले. तिथे आता काळपट सागवान आणि त्यावरचे कोरीवकाम उरले आहे. आत मात्र, जिथे पाऊस पोचत नाही, खांबांवर आणि छतावर ते अजून आहे.